नकाशावरील रेषा आणि प्रत्यक्ष वाट : भूगोल अध्यापनातील एक प्रयोग

माझा मूळ विषय इतिहास. तथापि आमच्यासारख्या शाळांमध्ये इतिहासाच्या शिक्षकाकडे भूगोलाचे तासही ओघाने येतात, आणि गेली अनेक वर्षे ते मी आनंदाने घेत आलो आहे. या वर्षांत एक गोष्ट सातत्याने जाणवली. अक्षांश-रेखांशांचा पाठ विद्यार्थी पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि पुढच्या इयत्तेत गेले की विसरतात. अंश, मिनिटे, सेकंद हे शब्द त्यांच्या दृष्टीने गणिताच्या वहीतील आकडे असतात. ते आकडे म्हणजे पृथ्वीवरील एखादी खरी जागा, एखादे झाड, एखादा बांध असू शकतो, हे त्यांच्या मनावर ठसत नाही. ही अडचण दूर करण्यासाठी नववीच्या वर्गात केलेल्या एका प्रयोगाची हकीकत प्रस्तुत लेखात मांडीत आहे. प्रयोग अर्धा फसला. त्या फसण्यातूनच त्याचा खरा धडा हाती आला, म्हणून तो लिहून ठेवावा असे वाटते.

या प्रयोगाचे साधन एका खेळातून आलेले आहे. त्या खेळाचे नाव जिओकॅशिंग.

खेळाचा जन्म

अमेरिकेने आपल्या सैन्यासाठी उभारलेली उपग्रहाधारित स्थाननिश्चितीची यंत्रणा, म्हणजे जीपीएस, नागरिकांनाही वापरता येत असे. परंतु त्यांना मिळणाऱ्या संकेतांत मुद्दाम चूक मिसळलेली असे. त्यामुळे नागरी यंत्राने दाखविलेली जागा शंभर मीटरपर्यंत चुकू शकत असे. राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी १ मे २००० रोजी ही मिसळलेली चूक काढून टाकण्याची घोषणा केली. त्या मध्यरात्रीपासून साध्या यंत्रालाही दहा-वीस मीटरच्या आत जागा दाखविता येऊ लागली.

दोनच दिवसांनी, ३ मे २००० रोजी, ऑरेगॉन राज्यातील पोर्टलँड शहराजवळ बीव्हरक्रीक येथे डेव्ह उल्मर या संगणक-अभियंत्याने एक काळी प्लॅस्टिकची बादली रानात ठेवली. तीत काही पुस्तके, चित्रफिती, थोडे पैसे, एक गलोल अशा किरकोळ वस्तू होत्या. मग त्याने त्या जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले : उत्तर ४५ अंश १७.४६० मिनिटे, पश्चिम १२२ अंश २४.८०० मिनिटे. शोधणाऱ्याने एक वस्तू घ्यावी, एक ठेवावी आणि सोबतच्या वहीत नोंद करावी, एवढाच नियम. तीन दिवसांच्या आत दोघांनी आपापल्या यंत्रांच्या साहाय्याने ती बादली शोधून काढली. त्याच महिन्याच्या अखेरीस मॅट स्टम यांनी या खेळाला 'जिओकॅशिंग' हे नाव सुचविले, आणि सप्टेंबर २००० मध्ये जेरेमी आयरिश यांनी त्यासाठीचे संकेतस्थळ सुरू केले. तेव्हा जगभरात अशा पंचाहत्तरच जागा होत्या. आज ती संख्या तीस लाखांच्या वर आहे आणि पृथ्वीवरील सातही खंडांत अशा पेट्या दडविलेल्या आहेत. आपल्या देशात मात्र त्या फार विरळ आहेत.

प्रवासी वस्तू म्हणजे काय ?

या खेळात पुढे एक सुंदर भर पडली. २००१ सालापासून 'ट्रॅव्हल बग' नावाचे धातूचे बिल्ले मिळू लागले. सैनिकांच्या गळ्यातील ओळखपट्टीसारखा हा बिल्ला असतो आणि त्यावर एक सांकेतिक क्रमांक कोरलेला असतो. जोडीतील एक बिल्ला मालकाने स्वतःजवळ ठेवायचा आणि दुसरा एखाद्या लहान वस्तूला बांधून ती वस्तू कोणत्याही पेटीत सोडून द्यायची. नाण्याच्या आकाराच्या अशाच वस्तूंना 'जिओकॉईन' म्हणतात. या सर्वांना मी या लेखात 'प्रवासी वस्तू' असे म्हणणार आहे.

इतर वस्तूंप्रमाणे प्रवासी वस्तू कोणी स्वतःजवळ ठेवून घ्यायची नसते. ज्याला ती सापडेल त्याने ती पुढच्या पेटीपर्यंत न्यावी आणि बिल्ल्यावरचा क्रमांक वापरून संकेतस्थळावर नोंद करावी. मालक वस्तूसाठी एखादे उद्दिष्टही लिहून ठेवू शकतो. समुद्र पाहणे, अमुक देशात पोहोचणे किंवा नुसते फिरत राहणे, यांपैकी काहीही. प्रत्येक नोंदीबरोबर संकेतस्थळ मागील पेटी आणि नवी पेटी यांमधील अंतर मोजून एकूण अंतरात मिळविते आणि नकाशावर रेषा ओढते. ही रेषा सरळ असते. माणूस कोणत्या रस्त्याने गेला, हे तिला ठाऊक नसते. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

अशा वस्तूंचा अभ्यासासाठी झालेला सर्वांत गाजलेला उपयोग २०१३ सालचा आहे. अंतराळवीर रिक मास्ट्राकियो यांनी ७ नोव्हेंबर २०१३ रोजी बैकानूर येथून उड्डाण करताना एक ट्रॅव्हल बग आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर नेला. कनेटिकट राज्यातील वॉटरबरी या त्यांच्या गावच्या शाळकरी मुलांच्या अभ्यासाशी तो जोडलेला होता. आता विचार करा. हे स्थानक सुमारे चारशे किलोमीटर उंचीवरून दर नव्वद मिनिटांच्या सुमारास पृथ्वीची एक फेरी पूर्ण करते, म्हणजे दिवसाला जवळजवळ सोळा फेऱ्या. मास्ट्राकियो १८८ दिवसांनी, मे २०१४ मध्ये परतले. तोवर स्थानकाच्या तीन हजारांच्या आसपास फेऱ्या झाल्या होत्या. अक्षांश आणि रेखांश या दोन आकड्यांत असा प्रवास मांडायचा कसा ? उंची त्यात मावत नाही आणि स्थान तर क्षणाक्षणाला बदलते. 'पर्सिव्हिअरन्स' हे रोव्हर यान १८ फेब्रुवारी २०२१ रोजी मंगळावरील जेझेरो विवरात उतरले. त्याच्या एका उपकरणाच्या तपासणी-पट्टीवरही असा क्रमांक कोरलेला आहे. यानाने पाठविलेल्या छायाचित्रातून तो वाचून पृथ्वीवरील लोकांनी आपापल्या नोंदी केल्या. ही दोन उदाहरणे सांगितली की वर्गातील शेवटच्या बाकावरचा विद्यार्थीही सरसावून बसतो, असा माझा अनुभव आहे.

आमची गोधडी

आमचा एक माजी विद्यार्थी जर्मनीत नोकरी करतो. सुट्टीत शाळेत आला असता त्याने या खेळाविषयी सांगितले आणि बिल्ल्यांची एक जोडी मुलांना दिली. बिल्ला कशाला बांधावा यावर वर्गात दोन दिवस वाद झाला. अखेर मुलींनी जुन्या लुगड्यांच्या तुकड्यांची चार बोटे रुंदीची एक गोधडी शिवली, मुलांनी तिला बिल्ला बांधला आणि सोबत इंग्रजी व मराठीत एक कार्ड जोडले. उद्दिष्ट एकमताने ठरले : गोधडीने समुद्र पाहावा. आमच्या वर्गातील बहुसंख्य मुलांनी समुद्र पाहिलेला नव्हता.

एप्रिलमध्ये त्या माजी विद्यार्थ्याने श्टुटगार्टजवळच्या रानातील एका पेटीत ती ठेवली. मे महिन्यात ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथून नोंद आली आणि ऑगस्टमध्ये इटलीतील व्हेरोना येथून. तीनच नोंदी, परंतु त्यांच्या आधारे आम्ही एक संपूर्ण सत्र भूगोल शिकलो.

पहिला पाठ आकड्यांचा. एक अंश अक्षांश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. त्याचे साठ भाग केले की एक मिनिट, म्हणजे १.८५ किलोमीटर. मिनिटाचा हजारावा भाग १.८५ मीटर, म्हणजे माणसाच्या दोन-अडीच पावलांइतका. बीव्हरक्रीकच्या आकड्यांतील दशांश चिन्हानंतरची तीन स्थाने कशासाठी, हे मुलांना मैदानावर पावले टाकून कळले. रेखांशाचे तसे नाही. आपल्याकडे १९ अंशांवर रेखांशाचे एक मिनिट सुमारे १.७५ किलोमीटर भरते, तर ४५ अंशांवर ते सुमारे १.३१ किलोमीटर उरते. रेखांश ध्रुवाकडे जवळ येतात, हे पाठ्यपुस्तकातील वाक्य मुलांनी प्रथमच स्वतः मोजून पाहिले.

दुसरा पाठ नद्यांचा. श्टुटगार्ट नेकार नदीवर आहे. नेकार ऱ्हाईनला मिळते आणि ऱ्हाईन उत्तर समुद्राला. इन्सब्रुक इन नदीवर. तिचे पाणी डॅन्यूबमार्गे काळ्या समुद्रात जाते. व्हेरोना आदिजे नदीवर. ती एड्रियाटिक समुद्राला मिळते. तीन नोंदी, तीन नद्या, तीन समुद्र. यालाच जलविभाजक ओलांडणे म्हणतात, हे मी सांगण्यापूर्वीच एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, मध्ये डोंगर असणार ना ?" डोंगर होताच. तो आल्प्स होय, आणि इन्सब्रुकहून इटलीत उतरणारी मुख्य वाट सुमारे १,३७० मीटर उंचीच्या ब्रेनर खिंडीतून जाते.

तिसरा पाठ अंतराचा. श्टुटगार्ट ते इन्सब्रुक सरळ रेषेत सुमारे २३५ किलोमीटर भरतात. गोधडी खरोखरच तेवढीच चालली काय ? हा प्रश्न समजण्यासाठी घरचे उदाहरण घेतले. मुंबई ते नागपूर सरळ रेषेत सुमारे ६९० किलोमीटर आहे. मुंबईहून भुसावळमार्गे नागपूरला जाणारा लोहमार्ग ८३७ किलोमीटरचा आहे. नवा समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे आणि तो मुंबईच्या अलीकडे, ठाणे जिल्ह्यातील आमणे येथे संपतो. लोहमार्ग इतका का वळतो ? घाट कोठे आहे ? महामार्ग सरळ नेण्यासाठी काय फोडावे लागले, कोणाची जमीन गेली ? सरळ रेषा आणि प्रत्यक्ष वाट यांतील फरकातच भूगोल आणि इतिहास दोन्ही दडलेले असतात. फळ्यावर हे वाक्य लिहिले आणि त्याखाली दोन रेघा मारल्या. त्याचा पुरता अर्थ तेव्हा मलाही उमगलेला नव्हता.

नोंद थांबली

ऑगस्टनंतर गोधडीची नोंद आली नाही. दिवाळी झाली, नाताळ गेला. मुले दर सोमवारी संगणक कक्षात जाऊन पाहत. व्हेरोनाच्या त्या पेटीपाशी जाऊन आलेल्या दोघांनी पेटीत अशी वस्तू नसल्याचे लिहिले होते; संकेतस्थळ मात्र गोधडी तेथेच असल्याचे दाखवीत होते. प्रवासी वस्तूंच्या बाबतीत हे नेहमी घडते. कोणी विसरतो, कोणी लहान मूल खेळणे समजून नेते, कधी पेटीच वाहून जाते. मालकाने वस्तू हरवल्याचे नोंदविले नाही, तर जुनीच नोंद पुढे चालू राहते. हे मी मुलांना समजावून सांगत होतो.

तेव्हा एक विद्यार्थिनी उभी राहिली. तिचे आईवडील पाटोदा तालुक्यातील. दरवर्षी ऊसतोडीला सांगलीकडे जाणारे. आमच्या वसतिगृहात येण्यापूर्वी तीही त्यांच्यासोबत जात असे. ती म्हणाली, "सर, माझंबी असंच होतं. दोन वर्षं गावच्या शाळेच्या हजेरीत मी रोज हजर होते. आणि मी तर कारखान्यावर होते, कोपीत, धाकट्याला सांभाळत."

वर्ग स्तब्ध झाला. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून साधनांची चिकित्सा मी आयुष्यभर शिकलो आणि शिकविली : नोंद कोणी केली, केव्हा केली, कशासाठी केली, आणि तिच्यात काय आलेले नाही, हे विचारल्याशिवाय तिच्यावर विसंबू नये. ताम्रपटाविषयी हे मी शेकडो वेळा सांगितले असेल. हजेरीपटाविषयी ते या चौदा वर्षांच्या मुलीने मला सांगितले. कागदावर जी गावात होती, ती प्रत्यक्षात सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर दूर होती. आणि तिने पाहिलेल्या वाटेची, नद्यांची, मातीची नोंद कोणत्याही वहीत नव्हती.

दुसरी गोधडी

त्याच आठवड्यात मुलींनी दुसरी गोधडी शिवली. हिला बिल्ला नव्हता. शाळेचा शिक्का मारलेला पुठ्ठ्याचा तुकडा आणि शंभर पानी वही होती. त्या मुलीचे आईवडील तेव्हा सांगलीजवळच्या फडावर होते. परतीच्या वाटेवर नोंद करावी, असे ठरवून गोधडी आणि वही एका नातेवाइकाच्या हाती त्यांच्याकडे पाठविली. वडिलांना थोडे लिहिता येते, आईला येत नाही. म्हणून आईने रोज रात्री भ्रमणध्वनीवरून सांगायचे आणि मुलीने वसतिगृहात लिहून घ्यायचे, असेही ठरले.

हंगाम संपून टोळी परतली तेव्हा वही भरली होती. सांगली, मिरज, सांगोला, पंढरपूर, टेंभुर्णी, करमाळा, जामखेड, पाटोदा. आईने वाट नद्यांनी आणि मातीने सांगितली होती. कृष्णाकाठची काळी जमीन आणि ऊस; मग ऊस संपतो आणि माळरान सुरू होते; माण नदीला पाणी नाही; पंढरपूरला भीमेचा पूल; करमाळ्याच्या पुढे सीना; मग चढ, मुरूम, आणि गाव. वडिलांनी ट्रकचालकाला विचारून अंतर लिहिले होते : तीनशेच्या आसपास. मुलांनी पाटोदा आणि सांगली यांचे अक्षांश-रेखांश घेऊन सरळ अंतर काढले. ते सुमारे २३५ किलोमीटर निघाले, श्टुटगार्ट ते इन्सब्रुक होते तेवढेच.

येथेही जलविभाजक ओलांडला गेला होता. माण, भीमा, सीना या सर्व कृष्णेच्या खोऱ्यातील नद्या. पाटोदा तालुक्यात बालाघाटच्या डोंगरात उगम पावणारी मांजरा मात्र गोदावरीला मिळते. म्हणजे त्या मुलीचे आईवडील दरवर्षी दोनदा एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात जातात. आल्प्समध्ये जे शिकण्यासाठी आम्ही परदेशी नोंदींची वाट पाहत होतो, ते आमच्या वर्गातील निम्म्या घरांना पायाखाली ठाऊक होते. आम्ही विचारले नव्हते, एवढेच.

शिक्षक बंधू-भगिनींसाठी

हा प्रकल्प ज्यांना करावयाचा असेल त्यांच्यासाठी काही सूचना :

१. संकेतस्थळावरील खाते शिक्षकाच्या नावे असावे. वस्तूवर विद्यार्थ्यांची नावे, छायाचित्रे किंवा घरचे पत्ते लिहू नयेत.

२. बिल्ल्यावरील क्रमांक छायाचित्रात दिसू देऊ नये. तो मिळाल्यास वस्तू न पाहताही कोणी खोटी नोंद करू शकतो.

३. आपल्या परिसरात पेटी ठेवावयाची असल्यास जागेच्या मालकाची वा ग्रामपंचायतीची परवानगी घ्यावी. रेल्वे स्थानक, बसस्थानक, धरण, लष्करी हद्द, लेणी व संरक्षित स्मारके येथे ती कदापि ठेवू नये. बेवारस डबा पाहून लोक घाबरतात आणि पोलिसांना धावपळ करावी लागते. पेटी जमिनीत पुरू नये. तीत खाद्यपदार्थ ठेवू नयेत.

४. एका वर्गाने एकाच वस्तूवर विसंबू नये. वस्तू हरवणार हे गृहीत धरावे आणि मुलांना आधीच सांगावे. हरवल्यानंतरचा तासही अभ्यासाचाच तास आहे.

५. प्रत्येक नोंदीसाठी वहीत चार रकाने आखावेत : स्थान व दिनांक, सरळ अंतर, प्रत्यक्ष वाट व तिचे अंतर, नोंदीत न आलेली परंतु शोधून काढलेली माहिती. चौथा रकाना रिकामा राहू देऊ नये.

६. बिल्ले विकत घेणे शक्य नसेल तर पुठ्ठा आणि वही पुरेशी आहे. सुट्टीत घरी जाणारा प्रत्येक विद्यार्थी हा प्रवासी आहे. नोंद घेताना घरातील ज्याला लिहिता येत नाही, त्याचेही म्हणणे लिहून घ्यावे.

व्हेरोनाची गोधडी अद्याप सापडलेली नाही. वर्गाने एकमताने ती हरवल्याचे संकेतस्थळावर नोंदविले. खोटी हजेरी चालू ठेवायची नाही, असा त्या दिवशी मुलांचाच आग्रह होता. वर्गातील भिंतीवर दोन नकाशे शेजारी शेजारी लावले आहेत, एक युरोपचा आणि एक महाराष्ट्राचा. दोहोंवर सारख्याच लांबीचा लाल दोरा ताणलेला आहे. प्रमाण वेगळे असल्याने दोरे सारखे दिसू नयेत, हे ध्यानात आल्यावर एका विद्यार्थ्याने महाराष्ट्राचा नकाशा पुन्हा त्याच प्रमाणावर काढला, त्याला तीन आठवडे लागले. दुसऱ्या नकाशावर लाल दोऱ्याशेजारी निळी वळणदार रेघ आहे. ती त्या मुलीने काढली आहे, आणि प्रत्येक पुलापाशी नदीचे नाव लिहिले आहे.

या स्मरणिकेच्या निमित्ताने आमच्या माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. आपण आज पुण्यात, मुंबईत, बंगळुरूत, काही जण परदेशांत आहात. शाळेला भेट द्याल तेव्हा नववीच्या वर्गातून एक गोधडी घेऊन जा. वही सोबत मिळेल. गोधडी परत आली नाही तरी चालेल. वही मात्र भरून पाठवा, आणि वाटेत काय काय दिसले ते लिहा. यंदाची मुले अजून समुद्राची वाट पाहत आहेत.